परक्या गाडीवरची पहिली रेघ

भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीकडे जाणारा मोठा रस्ता आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. पूर्वी तो सहा नंबरचा हायवे म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या रस्त्याच्या कडेला एखाद्या टपरीवर चहा घेत उभे राहावे आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालमोटारी नुसत्या पाहाव्यात. कुणाच्या कपाळावर आईचे नाव असते, कुणाच्या पाठीवर लिंबू-मिरची रंगवलेली असते, कुणी नजर लावणाऱ्याला चार शब्द सुनावलेले असतात. ही अक्षरे आपण वाचतो आणि हसतोही. परंतु त्या अक्षरांच्या भोवती, फाळक्याच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून एक बारीक रंगीत रेघ धावत गेलेली असते, तिच्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. सरळ रेघेचे हेच दुर्दैव आहे. ती नीट असली तर दिसत नाही. वाकडी झाली की साऱ्या गावाला दिसते.

आज मला बोलावयाचे आहे ते या रेघेविषयी; आणि त्यातही शिकाऊ मुलगा परक्याच्या गाडीवर, चारचौघांच्या देखत, जी पहिली रेघ ओढतो तिच्याविषयी. विषय लहान वाटेल. पण एखादी विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते आणि नेमकी कुठे अडते, हे या एका रेघेत फार स्वच्छ दिसते.

गाडीवर रेघा ओढण्याची चाल मोटारीबरोबर आलेली नाही. ती तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. युरोपात घोड्यांच्या बग्ग्यांवर अशा रेघा ओढीत असत. बग्ग्या गेल्या आणि ती रेघ मोटारीवर चढली. आपल्याकडेही पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, त्याच हौसेने बंडीचे जू, धुरा आणि चाकाचे आरे रंगवले जातात. रेघेचे काम केवळ शोभेचे नसते, बरं का. जिथे दोन रंग एकमेकांना भेटतात तो सांधा ती झाकते. जिथे पत्रा वळतो तिथे ती डोळ्याला वळण दाखवते. कपड्याला जशी काठाची किनार, तशी गाडीला ही रेघ. किनार नसली तरी लुगडे नेसता येते. पण घरात कार्य निघाले म्हणजे कुणी बिनकाठाचे लुगडे आणीत नाही.

जगात इतरत्र या कामाला काय मान आहे तेही पाहा. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटासा देश आहे. तिथल्या बैलगाड्यांची चाके रंगीबेरंगी नक्षीने अशी रंगवतात की पाहतच राहावे. तिथली बैल हाकण्याची आणि बैलगाड्यांची परंपरा युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००८ साली घेतली. ढाका शहरातील सायकलरिक्षा आणि त्यांवरील चित्रकला यांचा त्याच यादीत २०२३ साली समावेश झाला. आपण मात्र टपरीवरचा चहा संपवून पाठ फिरवतो.

आता ही रेघ ओढतात कशी, ते थोडक्यात सांगतो. भिंत रंगवण्याच्या ब्रशाचे केस आखूड आणि ताठ असतात. रेघेच्या ब्रशाचे केस बोटाएवढे लांब आणि अतिशय मऊ असतात; चांगल्या ब्रशाला खारीच्या शेपटीचे केस वापरतात. लांब केस अशासाठी, की त्यांच्या पोटात रंग साठावा आणि एका दमात दोन-तीन हात रेघ जावी. मध्येच ब्रश उचलून पुन्हा रंगात बुडवला की तिथे गाठ पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रश टोकावर उभा धरून चालत नाही. केस पत्र्यावर जवळजवळ आडवे निजवावे लागतात आणि हात स्वतःकडे ओढीत आणावा लागतो. लांब केसांचा गुण असा की हाताला बारीकसा कंप सुटला तरी तो केसांच्या लांबीत जिरून जातो, पत्र्यापर्यंत पोचत नाही. आखूड ब्रशाने हाताचा प्रत्येक थरकाप जसाच्या तसा उमटतो.

तिसरी गोष्ट रंगाची. इनॅमल रंग डब्यातून काढला तसाच घेतला तर तो ब्रशाला ओढून धरतो आणि रेघ तुटक येते. टर्पेन्टाइन जास्त पडले तर रेघेचे ओघळ होतात. किती पातळ करावा, याचे माप पुस्तकात सापडत नाही. हवा कशी आहे, पत्रा किती तापला आहे, यावर ते ठरते. आपल्याकडे वैशाखात दुपारच्या वेळी पत्र्याला हात लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. टर्पेन्टाइन बघता बघता उडून जाते आणि रंग ब्रशातच आटतो. म्हणून जाणता कारागीर उन्हाळ्यात हे काम सकाळी उरकतो, आणि तेही वाऱ्याकडे पाठ करून. कारण ओल्या रेघेला रस्त्याची धूळ फार प्रिय असते.

चौथी गोष्ट डोळ्याची. नवशिका ब्रशाच्या टोकाकडे पाहतो. उस्ताद पाहतो तो ब्रश जिथे जायचा आहे तिथे. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे पाहणारा मुलगा पडतो, आणि रस्त्याकडे पाहणारा तरून जातो, तसेच हे आहे. करंगळी पत्र्याच्या कडेवर टेकवून ती घसरत न्यावयाची, म्हणजे तीच रुळासारखी हाताला वाट दाखवते. श्वास हलकेच सोडीत राहावयाचा. आणि पाय आधीच असे रोवावयाचे की रेघ संपेपर्यंत पाऊल हलवावे लागू नये.

हे सारे ऐकायला सोपे आहे. शिकाऊ मुलगा ते काचेवर गिरवतो. जुन्या खिडकीची काच घ्यावी, तिच्यावर रेघ ओढावी, चिंधीने पुसावी, पुन्हा ओढावी. दिवसाला शंभर वेळा. काचेनंतर रंगाच्या डब्यांचे पत्रे. मग पोळ्याच्या सुमारास तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायला येतात. त्यांच्या पाठीवरच्या झुलीला किनार काढता काढता हाताला वळण लागते. आणि लेकराच्या नंदीची रेघ तसूभर इकडेतिकडे झाली तरी लेकरू तक्रार करीत नाही. इथपर्यंत सगळे ठीक असते. पुढे मात्र एक उंबरठा आहे. काच स्वतःची असते. गाडी परक्याची असते.

हा उंबरठा ओलांडताना मी एका मुलाला पाहिले, तो प्रसंग सांगतो. दसऱ्याच्या आदले दिवस होते. साकोलीकडच्या एका गावी, रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारा आणि रंगवणारा कारखाना आहे. कारखाना कसला, चार खांबांवरची टिनाची मांडवीच म्हणा. तिथे एक नवी ट्रॉली उभी होती. मालक धान पिकवणारा शेतकरी. हलके धान कापणीला आले होते, ट्रॉली कर्जाने घेतलेली होती आणि दसऱ्याला तिची पूजा घरच्या अंगणात व्हायची होती. त्यामुळे तिच्यासाठी मालकाबरोबर घरचे दोघेतिघे आणि शेजारचे चारदोन असा घोळकाच आला होता. आपल्याकडे गाडी एक माणूस घेतो, आणि पाहायला आळी येते.

निळा रंग वाळला होता. अक्षरे उस्तादांनी स्वतः काढली होती. राहिली होती ती कडेची पिवळी रेघ. उस्तादांनी ब्रश रंगात भिजवला, डब्याच्या झाकणावर दोनदा उलटसुलट फिरवून त्याचे टोक बांधले आणि तो स्वतः न वापरता शेजारच्या पोराच्या हातात दिला. एकोणीस-वीस वर्षांचे पोर. दोन वर्षे काच गिरवलेले. त्याने उस्तादांकडे पाहिले. उस्ताद इतकेच म्हणाले, “घे. मागचा फाळका तुझा.”

घोळका गप्प झाला. मालकाने काही म्हणायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. पोराने आधी सूत मारले. खडूत घोळलेला दोरा दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी दिली की पत्र्यावर पांढरी खूण उमटते, तिला सूत मारणे म्हणतात. मग त्याने ब्रश टेकवला. पहिला हातभर रेघ अशी गेली की जणू आधीचीच होती. पुढे फाळक्याची कडी आली. कडीला वळसा घालण्यासाठी त्याने पाऊल हलवले, आणि रेघ तांदळाच्या दाण्याएवढी खाली उतरली. एवढीच. पण मागून कुणीतरी फिस्सकन हसले.

पोराचा हात तिथेच थांबला. कानशिले लाल झाली. त्याने ब्रश उस्तादांपुढे केला. उस्तादांनी तो घेतला नाही. “काहून थांबला? माणसाइकडे नोको पाहू. चिंधी कुठे आहे तुझी?” ते म्हणाले. त्यांनी स्वतः रेघ दुरुस्त करून दिली असती तर दोन मिनिटांचे काम होते. ते टिनाच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी बिडी पेटवली.

मग मालक बोलला. आपल्या नव्या, कर्जाच्या ट्रॉलीकडे पाहत तो म्हणाला, “पूस आन पुन्हा मार, बाबू. माझी ट्रॉली काही पळून नाही चालली.”

पोराने टर्पेन्टाइनची चिंधी बोटाला गुंडाळली आणि बिघडलेला भाग अलगद टिपून काढला. इनॅमलचा गुण असा की अंगचा रंग पुरता वाळलेला असला आणि वरची रेघ अजून ओली असली, तर ती खालच्या रंगाला धक्का न लावता निघते. मात्र उशीर करून चालत नाही. त्याने या खेपेस आधी कडीच्या पलीकडे जाऊन पाय रोवले. श्वास सोडला. आणि रेघ ओढली. ती पहिल्या रेघेला जिथे मिळाली तिथे बारकाईने पाहिले तर सांधा दिसत होता. मालकाने पाहिले. बोट न लावता, वाकून पाहिले. आणि दुसऱ्या बाजूचा फाळका दाखवून म्हणाला, “आता हा.”

श्रोतेहो, यात चमत्कार काही नाही. पण त्या दहा मिनिटांत काय काय घडले ते उलगडून पाहिले पाहिजे. आपण म्हणतो, मुलगा शिकला. तो एकटा शिकला का? उस्तादाने आपले नाव पणाला लावले, कारण बिघडलेल्या रेघेचा दोष गाव पोराला देत नाही, दुकानाला देते. मालकाने आपली वस्तू पणाला लावली. आणि मुलाने आपली अब्रू. तिघांनी तीन निरनिराळ्या गोष्टी त्या एका फाळक्यावर ठेवल्या, तेव्हा एक कारागीर तयार होऊ लागला. यांतला एकही मागे सरला असता तर पोर पुन्हा काचेकडे गेले असते. आणि काचेवर माणूस जन्मभर गिरवीत राहू शकतो.

परक्याची वस्तू आणि पाहणारी माणसे या दोन गोष्टी शिक्षणातून वगळता येत नाहीत, असे मला वाटते. काचेवर चुकले तर फक्त चुकते. परक्याच्या गाडीवर चुकले तर ते कुणाचे तरी होते, आणि म्हणून ते सुधारावे लागते. चूक कशी पुसावी, ही त्या दिवसाची खरी विद्या होती. ती काचेवर शिकवताच येत नाही.

आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडमध्ये गुडवूड येथे रोल्स रॉइस मोटारींचा कारखाना आहे. तिथे कोट्यवधी रुपयांच्या मोटारीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक लांबलचक बारीक रेघ हाताने ओढतात. सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची. या कामासाठी मार्क कोर्ट या कारागिराचे नाव जगभर झाले. हे गृहस्थ आधी काय करीत होते? खेड्यांतल्या मद्यगृहांच्या पाट्या रंगवीत होते! अमेरिकेत मोटारींवरच्या रेघांना ज्याने नवे रूप दिले तो केनेथ हॉवर्ड. १९२९ चा जन्म, १९९२ साली मृत्यू. त्याचे वडील पाट्या रंगवणारे होते. ब्रश त्याला घरातच सापडला. म्हणजे मोठ्या रेघेच्या मुळाशी कुठेतरी एक साधी पाटी असते, आणि ती पाटी कुणीतरी नवशिक्याच्या हाती दिलेली असते.

आणि माझी चिंता नेमकी इथे आहे. आज ट्रॉलीची, रिक्षाची, मालमोटारीची रेघ पुष्कळ ठिकाणी हाताने ओढली जात नाही. संगणकावर आखून यंत्राने कापलेल्या चिकटपट्ट्या मिळतात. लोक त्यांना ‘रेडियम’ म्हणतात. रेडियम धातूचा त्यांत लवलेशही नसतो. चमकणाऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा लोलकासारखे पैलू असतात, ते दिव्याचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून ती रात्री लखलखते. पट्टी लवकर लागते. रात्रीच्या रस्त्यावर तिने जीव वाचतात, हेही खरे आहे. धानाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात किती धोक्याची असते, ते आपणांला सांगायला नको. पुढे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मालवाहू गाड्यांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. त्या शब्दांनी विनाकारण भोंगे वाजतात, हे कारण होते, आणि त्यात तथ्य होते. या बदलांना मी नावे ठेवीत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र येते तेव्हा ते आधी उस्तादाचे काम नेत नाही. उस्तादाला शोधत गिऱ्हाईक येते; रोल्स रॉइसवाल्यांनाही शेवटी माणसाचा हातच लागतो. यंत्र आधी नेते ते नवशिक्याचे काम. फाळक्याची कड, पानठेल्याची पाटी, ‘येथे थुंकू नये’ ही दोन ओळींची सूचना. ही कामे इतकी लहान असतात की ती गेल्याचे कुणाला कळतही नाही. त्यांत पैसा थोडाच होता. पण पहिली रेघ तिथेच ओढली जात होती. शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आहेत आणि खालच्या दोन काढून नेल्या, अशी ही गोष्ट आहे. आज उस्ताद आहेत. वीस वर्षांनी ते कुठून येणार?

आणि हे केवळ पेंटरांपुरते नाही. आपला जिल्हा हातांनी काम करणाऱ्यांचा जिल्हा आहे. भंडाऱ्याची पितळेची भांडी, पवनी-मोहाडीकडचे माग, मंडईतल्या रात्रीच्या दंडारी, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे. यांतली कोणती विद्या परीक्षेच्या दालनात शिकली गेली? प्रत्येकीत कधीतरी कुणीतरी पोराला चारचौघांत पुढे ढकलले आणि म्हटले, मागचा फाळका तुझा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून दोन शब्द. आपली मुले शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. अक्षरलेखन शिकतात, भूमितीच्या आकृत्या काढतात. हे चांगलेच आहे. पण तो कागद त्यांचा स्वतःचा असतो. निकाल लागला की तो गठ्ठ्यात जातो. शाळेची भिंत बाहेरच्या माणसाकडून रंगवून घेताना तिचा एक हातभर तुकडा मुलांसाठी राखून ठेवा. दारावरची पाटी, सुविचाराचा फळा, पाण्याच्या टाकीवरचा आकडा, मैदानावरची धावण्याची रेघ. गाव जाता-येता पाहील असे काहीतरी त्यांच्या हाती द्या. वाकडे आले तर तुम्ही नीट करू नका. चिंधी द्या आणि खांबाला टेकून उभे राहा. शिक्षकाला सर्वांत कठीण जाते ते हेच. पोराच्या हातातला ब्रश न घेणे.

आणि ज्यांच्या दारात गाडी आहे, ट्रॉली आहे, बंडी आहे, त्यांनाही विनंती. रात्रीच्या सुरक्षिततेची चमकती पट्टी जरूर लावा, ती लावलीच पाहिजे. तिच्याशेजारी कडेची एक रेघ मात्र गावातल्या पेंटराकडून ओढून घ्या, आणि त्याच्याजवळ शिकाऊ पोर असेल तर ती त्याला ओढू द्या. पुढची बाजू नका देऊ, मागचा फाळका द्या. रेघ कदाचित तांदळाच्या दाण्याएवढी हलेल. पुसता येते. आपली गाडी काही पळून चालली नाही.